पुन्हा भट्टी मांडायची झाली तर

वन्सं, आज सकाळी भट्टी पेटवली.

आपल्या लिंगायतांत सुतक धरत नाहीत. कुणी गेलं तरी दुसऱ्या दिवशी काम सुरू, हे मला लग्नानंतर तुम्हीच समजावलं होतं. तरी तुम्ही गेल्यावर माझा हात भट्टीकडं जाईना. हमीदचाचा रोज सकाळी दुधाच्या घागरी घेऊन दारात उभे राहायचे, मी नुसती मान हलवायची आणि ते माघारी जायचे. आज ते गेले नाहीत. घागरी ओट्यावर उतरवल्या, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "बेटी, म्हशींना काय मालूम, बाई गेली म्हून? त्या थांबंनात की दूध द्यायच्या. आता ह्ये दूध म्या कुठं न्हेऊ?"

मी म्हटलं, "राहू द्या, चाचा."

मग कढई चढवली आणि तुमच्या जागेवर बसले. बसल्यावर कळलं, भट्टीपुढचा ओटा तुमच्या मापानं बांधलाय. तुम्ही उंच. माझे पाय जमिनीला टेकेनात. लहान पोरीसारखे पाय हलवत मी आजचा खवा आटवला. तुम्ही बघितलं असतं तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता.

भेटायला बायका अजून येताहेत. येतात, पदर डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "गेली बिचारी. नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या दारात आयुष्य काढलं." मी ऐकून घेत होते. पण परवा एकीनं तेच म्हटल्यावर मला राहवेना. म्हटलं, "हे दार त्यांनीच बसवलंय. सागवानी आहे. जाताना हात लावून बघा." हे तिथंच भिंतीला टेकून बसले होते. तुमचा हा भाऊ तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसला, खाली मान घालून.

'बिचारी' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून बायकांना सांगायचं सोडून तुमच्याशीच बोलत बसले आहे.

मी या घरात आले तेव्हा तुम्हाला माघारी येऊन चार वर्षं झाली होती. मूल होत नाही म्हणून तुमच्या मालकांनी दुसरी केली आणि तुम्हाला बैलगाडीत घालून भावाकडं आणून सोडलं, एवढंच मला माहेरी सांगितलेलं. लग्नाच्या गर्दीत तुम्ही मला दिसलाच नाहीत. काही दिवसांनी धान्याच्या खोलीत गेले, तर कणगीच्या आड कुणीतरी बसलेलं. मी केवढ्यानं ओरडले!

"वरडू नगं," तुम्ही म्हणालात. "म्या हाय. जवारी निवडाया बसले."

तिशीसुद्धा उलटली नव्हती तुमची. पण बसणं, उठणं, बोलणं सगळं म्हातारीसारखं. सगळ्यांच्या मागून जेवायचात. पाहुणा आला की परसात निघून जायचात. घरात तुम्हाला कुणी वाईट बोलत नव्हतं. कुणी काही बोलतच नव्हतं, तेच तर वाईट होतं.

माझं माहेर कुर्डूवाडीचं, वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. तिकडं इंग्रजाचं राज्य होतं, इकडं परंड्याच्या भागात निजामाचं. तिकडच्या रुपयाला इथली माणसं कलदार म्हणायची. मी आले तेव्हा निजाम जाऊन भारत सरकार आलं होतं, पण मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "बोल्ली बगा कलदार!" मी तिकडची, थोडी शिकलेली, प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारणारी. आधी त्या नावात टोमणा होता. पुढं तो कधी गेला, मला कळलंही नाही.

गावात म्हशी घरोघर आणि दूध कुणालाच नको. लोणी काढायचं, तूप कढवायचं, ताक वाटून टाकायचं. दूध बाहेर न्यावं असं कुणाच्या मनात येत नसे. सीना नदीच्या अलीकडं निजामाचा करोडगिरीचा नाका होता, पलीकडं काही न्यायचं तर जकात भरा आणि वर शिपायाची मर्जी सांभाळा. राज्य गेलं, नाका उठला. पण गावाच्या डोक्यातला नाका काही उठला नव्हता.

पहिल्या पंचमीला मी माहेरी निघाले, तेव्हा घरात दूध उरलं होतं. नासून जाईल म्हणून तुम्ही ते आटवून खवा केलात आणि पळसाच्या पानात बांधून माझ्या पिशवीत घातलात. "न्हे तुज्या आईला. तिकडं कुठं असलं दूध मिळतंय." आमच्या शेजारी एक हलवाई राहायचा, त्याचं दुकान स्टेशनासमोर. आईनं वाटीभर खवा त्याच्या घरी दिला. दिवेलागणीला हलवाई आमच्या दारात. "हा खवा कुणी आटवला? असा रोज मिळेल का?"

मी परत आले ती थेट तुमच्या चुलीपुढं. सगळं सांगून टाकलं. तुम्ही लाकूड आत सारलंत आणि खाली बघून म्हणालात, "टाकलेल्या बाईच्या हातचं कोन इकत घिईल ग?"

"कुर्डूवाडीला कुणाला ठाऊक आहे तुम्हाला टाकलंय म्हणून? खव्यावर लिहिलेलं असतंय का?"

तुम्ही मान वर केलीत. मग तुमच्या तोंडावर हसू आलं. मी या घरात पाहिलेलं तुमचं पहिलं हसू. "व्हय की," म्हणालात. "खव्यावर कुठं लिवलेलं असतंय."

ह्यांना सांगितलं तर हे उसळले. "लोक म्हनतील, शिवलिंगाची बहिणीला दोन घास घालायची ऐपत न्हाय!" स्वभाव वाईट नाही त्यांचा, पण लोक काय म्हणतील याचा धाक फार. तेवढ्यात तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिलात.

"शिवा, चार वर्सं तुजं बसून खाल्लं, तवा लोक गप हुते व्हय? तवा बी बोललेच की. बोलनारच हायती तर काम करून बोलून घिऊ."

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच गोठ्याच्या कोपऱ्यात भट्टीसाठी माती कालवली.

तेव्हा एसटी नवी नवी सुरू झालेली. सकाळच्या गाडीत खव्याची पाटी कंडक्टरच्या पायाशी ठेवायची, कुर्डूवाडीला माझा भाऊ उतरवून हलवायाकडं पोचती करायचा. पहिल्या पावसाळ्यात किती कढया बुडाला लागल्या, ते आठवतं ना? लागलेला खवा आपण दोघी गूळ घालून खात बसायचो आणि हे विचारायचे, "ह्यो धंदा हाय का दोघींचं डोहाळजेवन?"

आणि मग ती नदी.

दोन वर्षांनी गौरी-गणपतीच्या तोंडावर हलवायानं नेहमीच्या कितीतरी पट खवा मागवला. आपण गावातलं मिळेल तेवढं दूध उचललं, हमीदचाचांनी तर घरच्या चहालाही ठेवलं नाही. एवढा माल कंडक्टरच्या भरवशावर कसा सोडायचा, म्हणून आपण दोघीच निघालो. तुम्ही पहिल्यांदा एसटीत बसलेल्या. खिडकीचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. आभाळ लख्ख होतं, पावसाचा थेंब नव्हता. पण सीनेवर पोचलो तर नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. वर नगरकडं पाऊस झाला होता. फरशीच्या पुलावरून कमरेएवढं पाणी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. "आज काय उतरत न्हाय बाबा ही."

ऊन चढायला लागलं. पाट्यांवरचं ओलं फडकं वाळलं की मी भिजवायची, पुन्हा वाळायचं. खव्याला आंबूस वास यायला आता फार वेळ नव्हता. मी रडायला लागले. "चला माघारी," म्हटलं. "मिळेल त्या गाडीनं माघारी जाऊ."

"माघारी जाऊन काय करायचं? एवढा खवा कोन खानार गावात? म्हशी?"

एवढं बोलून तुम्ही खाली उतरलात. नदीच्या चढावर एका माणसाचं चहा-भज्याचं छप्पर होतं, तिकडं चालू लागलात. मी डोळे पुसत मागून. तुम्ही त्या माणसाकडं कढई मागितलीत. तो म्हणाला, "बाई, भज्याची कढई हाय ही. तेलाचा वास जायचा न्हाय."

"राख हाय का?"

राख होती, नदीची वाळूही होती. तुम्ही पदर खोचून ती कढई अशी घासलीत की तो माणूस म्हणाला, नवी घेतली तवासुदा अशी नव्हती. साखर त्याच्याकडं चहाची होती. वेलदोडा नव्हता. तुम्ही खवा भाजायला घेतलात. जाळ बाभळीच्या बुंध्यांचा, आवरेना. खवा तांबूस झाला, मग आणखी तांबूस. "करपला, वन्सं, करपला!" मी ओरडले.

"करपला न्हाय. भाजलाय. गप वळाया लाग."

गाडीत एक मास्तर होते, परंड्याच्या तहसिलातले एक कारकून बायकोला घेऊन निघालेले, आणि एक मुसलमान कुटुंब रेल्वे गाठायला निघालेलं. त्यांच्यातल्या म्हातारीनं पहिला पेढा उचलला, नकाबाआड नेला आणि हात पुन्हा पुढं केला. "और हैं क्या, बेटी?" मग सगळी गाडीच उतरली. दुपारी मागून दुसरी गाडी येऊन थांबली, तिच्यातलीही माणसं आली. पळसाची पानं संपली तेव्हा लोकांनी रुमाल पुढं केले.

मी पेढे वळत होते आणि मध्येच मान वर करून बघितलं. तुम्ही रस्त्यात उभ्या. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरलेला, तोंड जाळानं लाल, आणि अनोळखी माणसांना हाक मारताय, "या, पेढे घ्या, आत्ता वळल्यात!" पाहुणा आला की परसात जाणारी बाई ती. माझं रडणं कुठल्या कुठं गेलं.

हलवायाकडं त्या दिवशी खवा पोचला नाही. तो रागावला आणि त्यानं दुसरा माणूस धरला. पण आठवडा झाला नाही तोच तहसिलातला शिपाई सायकल घेऊन आपल्या दारात. "ते नदीवरचे पेढे पायजेत."

तिथून पेढ्याचा धंदा लागला. परंड्याच्या एसटी स्टँडाजवळ पत्र्याचं दुकान झालं. आणि आपला पहिला वादही तिथूनच सुरू झाला. तुमचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून पेढाच करायला हवा होता. "दोन वर्सं कच्चा माल वाह्यला दुसऱ्याच्या दारात. घाम आपला आन नाव त्याचं." माझं म्हणणं, ती दोन वर्षं खवा आटवला नसतात तर हात बसलाच नसता, आणि नदी अडली नसती तर तुम्ही पेढा वळलाच नसता. "नदीची वाट बगत बसायचं व्हय धंदा कराया?" तुम्ही म्हणायचात. तरी मी हार मानत नसे.

दुसरा वाद दुकानात बसण्याचा. नदीवर शंभर माणसांत हाक मारणाऱ्या तुम्ही, दुकानात मात्र पुढं बसायला कधी तयार झाला नाहीत. तो दिवस वेगळा होता म्हणायचात. बाजारच्या दिवशी फार गर्दी झाली तर यायचात, तेही आतल्या अंगाला तोंड करून पुड्या बांधत बसायचात. लोकांना पेढा आवडायचा आणि करणारीचं तोंड कुणी बघितलेलं नसायचं. मला याचा राग यायचा. पुन्हा मांडलं तर मी तुम्हाला धरून पुढं बसवीन, अगदी पहिल्या दिवशी.

पुन्हा मांडण्याचं हे वेड आपल्याला लावलं त्या शेजारगावच्या माणसानं. त्याला भट्टी घालायची होती, माहिती विचारायला आलेला. तुम्ही त्याला काहीच लपवलं नाहीत. लाकूड कुठलं घ्यायचं, सकाळचं दूध संध्याकाळच्यात का मिसळायचं नाही, कढई कधी उतरवायची. मी मागून चिमटे काढत होते, तुमचं लक्षच नाही. जाताना त्यानं विचारलं, "बाई, तुमाला पुन्हा पहिल्यापासनं मांडायची झाली तर काय येगळं कराल?"

"सांगते इचार करून," म्हणालात.

तो गेल्यावर मी भडकले. "सगळं कशाला सांगितलंत? आता तो आपल्यासमोरच भट्टी टाकेल."

"टाकू दे. त्यानं इचारलं, म्या सांगितलं. त्याच्या चार कढया जळायच्या वाचल्या."

त्यानं भट्टी टाकली. त्याचं बघून आणखी दोघांनी टाकली. त्या वर्षी दुधाचा भाव चढला आणि मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते. पण भट्ट्या वाढल्या तसे सोलापूरचे, बार्शीचे व्यापारी खवा घ्यायला आपापल्या गाड्या घेऊन गावातच यायला लागले. पाटी डोक्यावर घेऊन एसटीमागं धावायचे दिवस संपले. 'बघ, मी सांगत होते' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला तेव्हा नुसतं म्हणालात, "कलदार, चुना काढ. दाराच्या भिताडाला लावू. मानसं याया लागली."

अमावस्येला भट्टी बंद असायची. त्या दिवशी अंगणात शेंगा फोडत बसायचं आणि तुम्ही विचारायचं, "मग? पुन्हा मांडायची झाली तर?" तुमचं उत्तर दर वेळी नवं. ती पितळी कढई घ्यायला नको होती. साखर आधीपासून कमी घालायला हवी होती. शिवाला गल्ल्यावर बसवायला नको होतं, तो ओळखीच्या माणसाला पेढे फुकट खाऊ घालतो. हे तिथंच बसलेले असायचे. "मग काय ओळखीच्या मानसाला तोलून देऊ?" म्हणायचे, आणि पुन्हा मूठभर शेंगा उचलायचे.

माझं उत्तर मात्र कायम एकच. धुराडं.

गोठ्याच्या त्या ठेंगण्या छपराखाली तुम्ही किती वर्षं धूर खाल्लात! डोळे लाल, सकाळी उठल्याबरोबर खोकला. आपल्याला वाटायचं, भट्टीवर असं होणारच. मग पैसे आल्यावर छप्पर उंच केलं, गवंड्याकडून धुराडं बांधून घेतलं. पहिल्यांदा धूर वर चढला तेव्हा तुम्ही अंगणात जाऊन, मान वर करून, तो आभाळात जाताना बघत राहिलात. "बाई ग! एवढा धूर म्या गिळत हुते?" आणि हसलात. मीही हसले. दोघींनाही काही कळत नव्हतं, वन्सं. कळलं ते फार उशिरा, उस्मानाबादच्या दवाखान्यात. मी धुराड्याचं नाव काढलं की तुम्ही उडवून लावायचात, "धूर न्हाय ग, वय." तुम्ही हे माझ्यासाठी म्हणत होतात, एवढं मला कळत होतं.

तुमचे मालक आले त्या दिवसाबद्दल मात्र आपण दोघी कधी धड बोललो नाही.

दुकान चांगलं चालायला लागलं होतं. तुमच्या मालकांची दुसरी बायको वारलेली. दोन वडीलधारी माणसं घेऊन, नवा रुमाल बांधून ते दारात आले आणि म्हणाले, "न्यायला आलोय." हे तावातावानं उठले, पण वडीलधाऱ्यांना बघून पुन्हा खाली बसले. मी दाराआड उभी. नणंद मानानं आपल्या घरी जातेय म्हटल्यावर भावजयीला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही, आणि तो झाला नाही हे सांगायचीही चोरी.

तुम्ही गोठ्यातूनच ओरडलात, "आत या. कढईत दूध हाय, उठता येत न्हाय."

ते तिघं आत येऊन पोत्यांवर बसले. एक म्हातारे म्हणाले, "झालं गेलं इसरायचं, बाई. बाईमानसाचं घर त्येच." तुम्ही उलथनं मालकांच्या हातात दिलंत. "जरा हलवत ऱ्हावा. च्या सांगून येते."

तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी चहा टाकला. तुम्ही तोंड धुतलंत, पाणी प्यालात, केस नीट केलेत, सगळं सावकाश. मी कुजबुजले, "वन्सं, दूध लागेल."

"लागू दे."

इतक्या वर्षांत हे शब्द मी तुमच्या तोंडून एकदाच ऐकले. वास घरभर आला तेव्हा तुम्ही परत गेलात. मालक उलथनं हातात धरून म्हाताऱ्यांशी बोलत होते आणि कढईतून धूर निघत होता. तुम्ही कढई उतरवलीत. आवाज चढवला नाहीत. "एवढं दूध बी सांबाळाया येत न्हाय, मालक. मला न्हेऊन काय करनार?"

त्यावर त्या म्हाताऱ्यांनी आधी कढईकडं बघितलं, मग मालकांकडं. "चल, ऊठ," म्हणाले. "बाईचं बराबर हाय."

तुम्ही त्यांना चहा दिलात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडलात. वाटेत खायला पेढ्यांची पुडी बांधून दिलीत. आणि ते गेल्यावर परसात बसून ती कढई घासायला घेतलीत. दुपार उलटली तरी घासत होतात. मी जवळ आले नाही.

तोंड धुताना क्षणभर तरी जावंसं वाटलं होतं का तुम्हाला? हे मी कधी विचारलं नाही. पुढं एका अमावस्येला तुम्हीच म्हणालात, "त्या दिशी दूध जाळाया नको हुतं. पान्याची कढई ठिवायची. त्येंना कुठं कळलं असतं!" आणि अशा काही हसलात की विचारायचं राहूनच गेलं. राहिलं ते बरं झालं. काही उत्तरं तुमची तुमच्याजवळच असू देत.

शेवटच्या आठवड्यात तुमची बाज अंगणात उन्हाला टाकली होती. श्वास अपुरा पडायचा, तरी नजर भट्टीच्या दाराकडं. मी पाय चेपत होते. तुम्ही म्हणालात, "कलदार, मग? पुन्हा मांडायची झाली तर?"

या वेळी माझ्या तोंडून धुराडं निघेना. तुमच्या छातीचा भाता समोर दिसत होता. मी म्हटलं, "काही बदलणार नाही मी."

"खोटं बोलती." तुम्ही दम घेतलात. "म्या बदलीन. पेढा-बिढा ऱ्हाऊ दे. एकच बदलीन. लवकर सुरू करीन. ती चार वर्सं कणगीच्या आड बसले, कशापायी बसले? कुनी बांदलं नव्हतं मला. भाऊ गुनाचा, दूध घरात, हात धड. गाडीतनं उतरले त्याच दिशी चूल पेटवायची हुती."

बोलून दमलात आणि डोळे मिटलेत. माझ्याजवळ उत्तर होतं. तुम्हाला जरा बरं वाटलं की सांगू म्हटलं. मग त्या आठवड्यात तसं बोलणं झालंच नाही.

आपल्यात माणसाला बसवून माती देतात. तुम्हाला बसवलं, कपाळाला भस्म लावलं, तेव्हा तुम्ही अगदी भट्टीपुढं बसायचात तशा दिसत होतात, पाठ ताठ, मान जरा पुढं. बाकी बायका रडत होत्या. मी तुमचा पदर सारखा केला, आणि मला नवल वाटलं, मनात दुःखापेक्षाही जास्त काहीतरी भरून आलं होतं. एवढी वर्षं आपण एका कढईत दोघींनी उलथनं घातलं आणि कढई कधी कलंडली नाही. किती जणींना मिळतं हे? सख्ख्या बहिणींना मिळत नाही.

तर ते उत्तर आता देते, वन्सं. भांडण समजा हवं तर.

तुम्ही गाडीतून उतरलात त्या दिवशी चूल पेटवायला नको होती. तेव्हा नदीवर नाका होता, एसटी नव्हती, हे सगळं सांगता येईल. पण ते खरं कारण नाही. त्या दिवशी मी कुर्डूवाडीला परकर खोचून रेल्वेच्या चाळीत लगोरी खेळत होते. तुम्ही तेव्हाच सुरू केलं असतंत तर तुमच्याशेजारी दुसरंच कुणी येऊन बसलं असतं. हमीदचाचांच्या घरातली कुणी, नाहीतर गल्लीतली एखादी. धंदा झालाच असता, तुमचा हात तसा होता. मी आले असते ती कामात गुंग असलेल्या एका मोठ्या नणंदेच्या घरात. तुम्ही मला कौतुकानं पेढा दिला असतात आणि पुन्हा भट्टीकडं वळला असतात.

म्हणून बाकीचं सगळं तुमचं ऐकते. पेढा पहिल्या दिवसापासून करू, साखर कमी घालू, पितळी कढई घ्यायचीच नाही. धुराडं मात्र माझं, ते आधी बांधायचं, त्याशिवाय जाळ घालायचा नाही. दुकानात तुम्ही पुढं बसायचं.

पण त्या धान्याच्या खोलीत चार वर्षं काढावी लागली तरी काढा, वन्सं. जवारी निवडत बसा. मी येईपर्यंत थांबा.